आजारपणाचा निरोप आला की काय करावे

सिंधुदुर्गातील एका काजू प्रक्रिया कारखान्याचे मस्टर मी बरीच वर्षे सांभाळते आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सकाळी साडेसात ते साडेआठच्या दरम्यान माझ्या फोनवर येणारे बहुतेक निरोप एकाच स्वरूपाचे असतात. कोणाला ताप आलेला असतो, कोणाचे पोट बिघडलेले असते, तर कोणाच्या पायाच्या चिखल्या इतक्या वाढलेल्या असतात की पाय खाली टेकवत नाही. अशा निरोपाला काय उत्तर द्यावे हे मला कोणी शिकवले नव्हते. मालकांकडून जे कानावर पडत आले तेच मीही बोलत गेले, आणि त्याचे परिणाम पाहिल्यावर मग आमच्या कारखान्यात काही पद्धती ठरवल्या. लहान कारखाने, हॉटेले, दुकाने आणि कचेऱ्या चालवणाऱ्यांना, तसेच तेथे काम करणाऱ्यांनाही त्यांचा उपयोग व्हावा म्हणून त्या येथे मांडत आहे.

त्याआधी एक प्रसंग सांगणे आवश्यक आहे. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सोलणी विभागातील एका बाईंचा फोन आला. "ताई, माका ताप इलो हा, आज येवक जमाचा नाय," इतकेच त्या म्हणाल्या. आदल्या पंधरवड्यात निम्म्या बायका भाताच्या लावणीसाठी घरी राहिल्या होत्या, मालाची गाडी भरायची होती, आणि माझ्या तोंडून निघून गेले, "लावणी आटापली काय गो तुजी?" पलीकडे क्षणभर शांतता पसरली आणि मग "येतंय" एवढा एकच शब्द आला. त्या आल्या, आणि दोन दिवस पॅरासिटामॉलच्या गोळ्या घेऊन त्यांनी काजूगर सोलले. तिसऱ्या दिवशी दुपारी पाटावरून उठताना त्यांच्या पोटऱ्या इतक्या दुखल्या की दोघींनी काखेत हात घालून त्यांना उभे करावे लागले. तेव्हा मी त्यांच्या चेहऱ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिले, तर डोळे लालबुंद झाले होते. तो लेप्टो निघाला. रुग्णालयात उपचार झाले, त्या बऱ्या झाल्या आणि अठरा दिवसांनी कामावर परतल्या.

त्यांनी लावणी खरोखरच केली होती, मात्र ती दहा दिवसांपूर्वी, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदीर, गुरे अशा प्राण्यांच्या मूत्रातून शेतातल्या पाण्यात उतरतात, चिखल्यांमधून किंवा एखाद्या ओरखड्यातून शरीरात शिरतात आणि साधारणपणे पाच ते चौदा दिवसांनी ताप, डोकेदुखी, पोटऱ्यांतील वेदना व डोळ्यांची लाली दिसू लागते. वेळेवर औषध मिळाले तर आजार आटोक्यात येतो, आणि उशीर झाला तर मूत्रपिंड व यकृत धोक्यात येते. म्हणजे ज्या लावणीवरून मी त्यांच्यावर संशय घेतला होता, त्याच लावणीने त्यांना आजारी पाडले होते. कोकणात पावसाळ्यात येणाऱ्या आजारपणाच्या निरोपाकडे पाहताना ही गोष्ट सर्वात आधी ध्यानात ठेवावी, कारण आपल्या कामगारांपैकी बहुतेकजण अर्धवेळ शेतकरी आहेत आणि त्यांचे शेत व त्यांचा ताप यांची फारकत करता येत नाही.

निरोप घेणाऱ्याची तयारी

पहिली व्यवस्था पाऊस सुरू होण्यापूर्वी, मे महिन्यातच करून ठेवावी. आजारपण कोणाला कळवायचे, किती वाजेपर्यंत कळवायचे आणि काय काय सांगायचे, हे ठरवून सर्वांना तोंडी सांगावे व मस्टरच्या टेबलाजवळ लिहूनही लावावे. निरोप घेणारी व्यक्ती एकच असावी. चार जणांना सांगावे लागले की चार जणांच्या चार शेऱ्यांना तोंड द्यावे लागते आणि आजारी माणूस फोन करण्यापेक्षा न कळवता घरी राहणे पत्करतो. आपल्याकडे अनेक वाड्यांमध्ये मोबाइलला रेंज मिळण्यासाठी घाटीपर्यंत चढून जावे लागते, शिवाय वीज गेली की टॉवरही बंद पडतो. त्यामुळे "स्वतः फोन केला नाही तर गैरहजर" असा नियम करू नये. त्याच वाडीतून एसटीने येणाऱ्या दुसऱ्या बाईबरोबर दिलेला निरोप, मिस्ड कॉल किंवा रेंज आल्यावर पोचलेला व्हॉट्सॲप संदेश, हे सर्व ग्राह्य मानावे.

विचारायच्या गोष्टी तीनच आहेत. आज येणे जमणार नाही ना, साधारण किती दिवस लागतील असे वाटते, आणि डॉक्टरांकडे कधी जाणार. खाद्यपदार्थांचा उद्योग असेल तर लक्षणे विचारणे हा चौथा प्रश्न येतो, त्याचे कारण पुढे सांगते. याव्यतिरिक्त जे काही तोंडात येते ते गिळून टाकावे. "काल तर बरी होतीस," "आजच कसा ताप आला," "मग आता तुझे काम कोण करणार," ही वाक्ये विचारणाऱ्याला साधी वाटतात, परंतु ऐकणाऱ्याला ती उलटतपासणीच वाटते. शेवटचे वाक्य तर सर्वात वाईट, कारण काम कोण करणार हे ठरवणे ही व्यवस्थापनाची जबाबदारी आहे आणि ती तापाने फणफणलेल्या माणसावर टाकण्याचा आपल्याला अधिकार नाही.

मी आता फोन उचलल्यावर पहिले वाक्य ठरवून ठेवले आहे: "बरे केलेत कळवलेत, विश्रांती घ्या." पावसाळा असेल आणि ताप असेल तर लगेच दुसरे वाक्य येते: "गेल्या पंधरा दिवसांत चिखलात काम केले असेल तर डॉक्टरांना तसे आवर्जून सांगा." लावणीचा प्रश्न मी अजूनही विचारते, पण तो आता डॉक्टरांच्या उपयोगासाठी असतो. डोंगराकडील गावांत जानेवारीपासून पाऊस पडेपर्यंत हेच वाक्य माकडतापासाठी वापरावे. दोडामार्ग आणि बांदा परिसरात २०१६-१७ पासून हा आजार आढळला आहे, तो गोचिडीच्या चाव्यातून होतो आणि काजूच्या बागेत पालापाचोळा गोळा करणाऱ्यांना त्याचा धोका अधिक असतो. तापाच्या रुग्णाने "मी बागेत गेलो होतो" हे डॉक्टरांना सांगितले तर तपासणीची दिशा लवकर सापडते.

आजारी माणसाने न येणे हाच नियम

काजू, आंबा, कोकम, मासळी यांवर प्रक्रिया करणाऱ्या आणि हॉटेले, खानावळी चालवणाऱ्या सर्वांना अन्नसुरक्षेचे २०११ चे परवाना व नोंदणी विनियम लागू आहेत. त्यांच्या चौथ्या अनुसूचीनुसार कावीळ, जुलाब, उलट्या, ताप, तापासह घसादुखी, पू झालेल्या जखमा किंवा गळवे, कान-डोळे-नाकातून येणारा स्राव अशा तक्रारी असलेल्या कामगाराने त्या व्यवस्थापनाला कळवल्या पाहिजेत आणि अशा माणसाला अन्न हाताळू देऊ नये, असे अपेक्षित आहे. वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणीही करून घ्यावी लागते. आपण परवान्याची प्रत काचेच्या चौकटीत लावतो, पण आजारपण कळवणाऱ्याला खडसावून आपण त्याच परवान्याच्या अटी मोडत असतो, हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. ज्या कारखान्यात जुलाब झाल्याचे सांगितले की मजुरी जाते आणि वर बोलणीही बसतात, तेथे कामगार जुलाब लपवूनच येणार आणि त्याच हातांनी काजूगर सोलणार. तारकर्ली-मालवणकडे दिवाळीच्या व नाताळच्या हंगामात स्वयंपाकघरातील माणसे अंगात ताप असताना शेगडीसमोर उभी राहतात. त्यांचे कौतुक करण्याची जी रीत पडली आहे ती सोडून द्यावी.

एखादी व्यक्ती आजारी असूनही आलीच, तर तिला सर्वांसमोर परत पाठवू नये. बाजूला बोलावून आधी पाणी द्यावे, परतीची एसटी किती वाजता आहे ते पाहावे आणि तोवर बसायला जागा द्यावी. गाडी दोन तासांनी असेल तर ते दोन तास तिला कामावर बसवण्याचा मोह होतो. तो टाळावा.

मजुरीचा प्रश्न

माणसे आजारी असताना कामावर का येतात, याचे उत्तर बहुतेक वेळा पैशांत आहे. सोलणीचे काम अनेक ठिकाणी किलोवर दिले जाते, म्हणजे न सोललेल्या दिवसाची मजुरी शून्य. अशा ठिकाणी मालकाने कितीही गोड शब्दांत "विश्रांती घ्या" म्हटले तरी त्याचा अर्थ "उपाशी राहा" असाच होतो. म्हणून कायद्याने काय देय आहे हे आधी नीट समजून घ्यावे.

ज्या आस्थापनांना राज्य विमा योजना, म्हणजे ईएसआय, लागू आहे तेथे २०१७ पासून दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेले कामगार तिच्यात येतात. जुलै २०१९ पासून कामगाराच्या वेतनातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के अशी वर्गणी जाते. सहा महिन्यांच्या वर्गणी कालावधीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर आजारपणात वेतनाच्या ७० टक्के भत्ता वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतो. रोज ४०० रुपये पडत असतील तर २८० रुपये. क्षयरोगासारख्या दीर्घ आजारांसाठी याहून अधिक दराने आणि अधिक काळ भत्ता मिळण्याची सोय आहे. मात्र नव्या आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचा भत्ता सहसा मिळत नाही. शिवाय १९४८ च्या मूळ ईएसआय कायद्याच्या ७३ व्या कलमाने, आजारपणाचा भत्ता घेत असलेल्या कामगाराला त्या काळात कामावरून काढणे अथवा शिक्षा करणे मालकाला मनाई केली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता अमलात आल्यामुळे कलमांचे क्रमांक बदलतात, तेव्हा आपल्या सल्लागाराकडून ताजी स्थिती तपासून घ्यावी.

दुकाने, हॉटेले आणि खासगी कचेऱ्या यांच्यासाठी महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना अधिनियम आहे. तो ज्यांना पूर्णपणे लागू होतो तेथे वर्षाला आठ दिवसांची पगारी किरकोळ रजा द्यावी लागते. कारखान्यांच्या १९४८ च्या अधिनियमात दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा होती, आणि एरवी त्या रजेसाठी पंधरा दिवस आधी अर्ज लागत असला तरी आजारपणासाठी ती हवी असेल तर आधी अर्ज नसतानाही द्यावी, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. ताप पंधरा दिवस आधी कळवून येत नाही, हे कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक होते. सरकारी कर्मचाऱ्यांचा मार्ग वेगळा आहे. १९८१ च्या महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियमांनुसार वैद्यकीय प्रमाणपत्रावर परिवर्तित रजा, म्हणजे अर्धवेतनी रजेच्या बदल्यात पूर्ण पगाराची रजा, मिळते आणि अर्धवेतनी रजेच्या खात्यातून तिच्या दुप्पट दिवस वजा होतात.

आमच्याकडे या सर्वांतून एक साधी पद्धत ठरली. पहिले दोन दिवस, ज्यांचा विमा भत्ता मिळत नाही, ते कारखान्याने पगारी धरायचे आणि तिसऱ्या दिवसापासून विम्याचे कागद करायचे. किलोवर काम करणाऱ्यांसाठी मागील तीन महिन्यांच्या कमाईची रोजची सरासरी काढून त्या दोन दिवसांची रक्कम देतो. मालकांना सुरुवातीला हा खर्च फार वाटला होता. तापात सोललेल्या काजूगरांचा तुकडा किती पडतो आणि अखंड गर व तुकडा यांच्या भावात किती फरक असतो, हे त्यांना तराजूवर दाखवल्यावर त्यांनी होकार दिला.

दाखला केव्हा मागावा

एका दिवसाच्या तापासाठी डॉक्टरांचा दाखला मागणे हा मला निव्वळ छळ वाटतो. डोंगराळ भागात एका प्राथमिक आरोग्य केंद्राकडे साधारण २०,००० लोकसंख्या असते. तेथवर जायला एसटी किंवा रिक्षा, मग रांग, मग परतीची गाडी, यात विश्रांतीचा सबंध दिवस संपतो आणि ज्याला झोपेची गरज होती तो माणूस बाकावर बसून राहतो. दोन दिवसांपर्यंत कोणताही कागद मागू नये. तिसऱ्या दिवसापासून मागावा, पण शिक्का मारलेल्या प्रमाणपत्राचाच हट्ट धरू नये. सरकारी दवाखान्याच्या केसपेपरवर तारीख असते, त्याचा मोबाइलवर काढलेला फोटो पुरेसा आहे. विमा भत्त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र मात्र त्यांच्याच पद्धतीने घ्यावे लागते.

केसपेपरवरील आजाराचे नाव ही त्या माणसाची खासगी गोष्ट आहे. ते मस्टरवर लिहू नये, सुपरवायझरला सांगू नये, आणि "अगो, तिला काय झालाहा?" असे कोणी विचारले तर "बरी नाही, चार दिवसांनी येतील," यापुढे एक शब्दही बोलू नये. लेप्टो आणि माकडताप एकत्र बसून काम केल्याने पसरत नाहीत, क्षयरोगाचा रुग्णही परिणामकारक औषध सुरू झाल्यावर सहसा काही आठवड्यांत संसर्ग देईनासा होतो, तरी नाव फुटले की शेजारचा पाट रिकामा होतो आणि तो पुन्हा भरायला महिने लागतात.

गणपती, शिमगा आणि संशय

कोकणातील प्रत्येक मालकाच्या मनात एक शंका पक्की बसलेली आहे, आणि ती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. चतुर्थीच्या आदल्या दिवशी आणि शिमग्याच्या पालखीच्या दिवशी आजारी पडणाऱ्यांची संख्या वाढते. घरी मुंबईहून चाकरमानी आलेले असतात, माटवी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट, सजवायची असते, पाच दिवसांच्या पाहुण्यांचे जेवण एकट्या सुनेवर असते, आणि रजा मागितली तर मिळणार नाही याची खात्री असल्यामुळे ताप सांगितला जातो. ही खोटी सबब आपणच तयार केलेली आहे. सणाची रजा उघडपणे मागता येत असेल तर आजाराचे सोंग कोणी करणार नाही. आम्ही ज्येष्ठातच गणपतीच्या रजेची यादी करतो. कोणाचा दीड दिवसांचा, कोणाचा पाच, कोणाचा गौरी-विसर्जनापर्यंतचा, हे लिहून घेतो, आणि ज्या दिवशी निम्म्याहून अधिक जागा रिकाम्या राहणार त्या दिवशी कारखानाच बंद ठेवून तो दिवस नंतरच्या एका रविवारी भरून घेतो. लावणीचेही तसेच केले: प्रत्येकीला दोन दिवस, आळीपाळीने. यामुळे गणपतीच्या आठवड्यात कोणाचा ताप कळवणारा फोन आला तर तो तापच असतो असे धरून चालता येते.

तरीही एखादी व्यक्ती वारंवार गैरहजर राहत असेल तर एका दिवसावरून निष्कर्ष काढू नये. तीन महिन्यांचे मस्टर समोर घ्यावे, वार आणि तारखा पाहाव्यात, आणि मग दार लावून, चहा देऊन बोलावे. मी असे बोलले तेव्हा मला नवऱ्याची दारू, मुलाची फिट, रक्त कमी असल्याने येणारी चक्कर, पाळीच्या वेळी उठू न देणाऱ्या कळा आणि महिनोन्महिने न लागणारी झोप, एवढी कारणे ऐकायला मिळाली. एका बाबतीत मात्र खरोखरच कामचुकारपणा होता. त्याला वेगळी नोटीस दिली आणि त्याच्यासाठी इतरांचे नियम कडक केले नाहीत.

बरोबरीच्या कामगारांची कुरकूर वेगळ्या कारणाने होते. एकीच्या वाट्याचे काम दुसरीवर न बोलता पडते, आणि तिचा राग आजारी असलेलीवर निघतो. प्रतवारीचे काम फक्त दोघींनाच येत असेल तर त्यातील एकीचा ताप संपूर्ण कारखान्याला भोवतो. म्हणून पावसाळ्यापूर्वी सोलणीतील निदान तिघींना प्रतवारी शिकवावी, आणि जी बदलीचे काम करील तिच्या नावापुढे तशी नोंद करून तिला त्याचे पैसे द्यावेत.

कामगाराने कसे कळवावे

कामगारांसाठी माझे सांगणे थोडके आहे. शक्यतो कामाची वेळ होण्याआधी कळवावे, बोलता येत असेल तर स्वतः बोलावे, आणि घरच्या साऱ्या कहाण्या जोडू नयेत. लांबलचक खुलासा विश्वास वाढवत नाही, उलट ऐकणाऱ्याला शंका येते. संदेश असा असावा: "मला कालपासून ताप व अंगदुखी आहे. आज आणि उद्या येता येणार नाही. आज दुपारी आरोग्य केंद्रात जात आहे. परवा सकाळी पुन्हा कळवीन." एवढे पाठवून फोन चालू ठेवावा, केसपेपर जपून ठेवावा आणि परवा सकाळी खरोखरच कळवावे. मुलाचा ताप असेल तर मुलाचाच सांगावा, लावणी असेल तर लावणीच सांगावी.

परतण्याच्या दिवशी माणूस बरा झालेला असला तरी त्याच्या अंगात ताकद आलेली नसते. पहिले दोन-तीन दिवस बसून करायचे काम द्यावे, बोर्म्याच्या, म्हणजे काजूगर वाळवण्याच्या भट्टीच्या, उष्णतेजवळ पाठवू नये, आणि किती सोलले याचा हिशोब त्या दिवसांत मोठ्याने वाचू नये. आल्या आल्या मस्टर उघडून मधल्या दिवसांपुढे "गैरहजर" असे लिहिले गेले असेल तर ते खोडून "आजारी" असे लिहावे, धरलेली मजुरी त्यापुढे मांडावी, आणि ती ओळ तिला दाखवून तेथे तिची सही घ्यावी.